ठाणे-नवी मुंबईत कामासाठी यायचंय? आधी पंचाहत्तर दिवसांचा हिशोब मांडा

दोन-तीन वर्षं गावी काम नसलेला माणूस ठाण्याला किंवा नवी मुंबईला येतो आणि दीड-दोन महिन्यांत परत जातो, असं पुष्कळदा घडतं. घरचे म्हणतात, तिकडे काम मिळालं नाही. खरं तर बहुतेकांना काम मिळालेलं असतं, किंवा आठ दिवसांत मिळणार असतं. पहिला पगार हातात येईपर्यंत पैसे पुरत नाहीत, म्हणून ते परततात. म्हणून या लेखात आम्ही एकच गोष्ट धरून चाललो आहोत : या शहरात टिकायचं तर आधी दिवस विकत घ्यावे लागतात. पुढची प्रत्येक पायरी दिवस वाचवते की खाते, हे बघत पुढे जा.

पंचाहत्तर दिवस कुठून आले

समजा तुम्ही ५ जानेवारीला ठाण्यात उतरलात आणि बावीस दिवस शोधाशोध करून २७ तारखेला कामावर हजर झालात. अनेक ठेकेदार हजेरी २१ ते २० अशी धरतात. २० जानेवारीला हजेरी बंद झाली, तेव्हा तुम्ही कामावर नव्हतात. म्हणजे ७ फेब्रुवारीला बाकीच्यांचा पगार होईल, तुमचा होणार नाही. २७ जानेवारी ते २० फेब्रुवारी या पंचवीस दिवसांचे पैसे ७ मार्चला खात्यावर येतील. उतरल्यापासून एकसष्ट दिवस झाले, आणि हे सगळं सुरळीत झालं तर. शोधायला पस्तीस दिवस लागले तर ७ मार्चला जेमतेम बारा दिवसांचे पैसे मिळतात आणि पूर्ण पगारासाठी एप्रिल उजाडतो. पंचाहत्तर दिवसांची तयारी ही चैन नाही, कमीत कमी आहे.

आता रुपयांत मांडू. खालचे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या चौकशीत जे येतील ते घाला. तिघांत एक खोली घेतल्यास माणशी भाडं ३,५००, दोन वेळची खानावळ आणि सकाळचा चहा-नाश्ता मिळून ४,०००, लोकल आणि बस ७००, मोबाईल ३००, साबण-दाढी-औषध असा किरकोळ खर्च १,०००. महिन्याला ९,५००, अडीच महिन्यांचे २३,७५०. त्यात डिपॉझिटचा वाटा ८,०००, दलाली आणि करारनाम्याचा वाटा ३,०००, झेरॉक्स-फोटो-बूट १,५००, आणि आजारपण व परतीच्या भाड्यासाठी बाजूला ठेवायचे ३,०००. बेरीज ३९,२५०.

एवढे जवळ नसतील तर तीन वाटा आहेत. पहिली, नातेवाइकाकडे राहून भाडं आणि डिपॉझिट वाचवणं. दुसरी, आधी पाच दिवसांची फेरी मारून मुलाखती देणं आणि निवड झाल्यावरच सामान आणणं. तिसरी, राहण्याची सोय देणारं काम धरणं : हॉटेल, सिक्युरिटी, बांधकामाची साइट. तिसऱ्या वाटेत धोका एवढाच, की काम सुटलं की त्याच रात्री झोपायची जागाही सुटते. म्हणून तिथेही पंधरा दिवसांचे पैसे वेगळे हवेत. मोबाईलवर दहा मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपच्या वाटेला मात्र जाऊ नका. पगार यायच्या आत त्यांचा हप्ता येतो, आणि वसुलीचे फोन तुमच्या गावच्या सगळ्या नंबरांवर जातात.

निघण्याआधीचे पंधरा दिवस

रिकामे दिवस लांबले की कागदपत्रंही झोपी जातात, आणि ते नेमकं हजर होण्याच्या दिवशी कळतं. सर्वांत आधी बँक खातं बघा. दोन वर्षं तुम्ही स्वतः काही व्यवहार केला नसेल तर बँक ते खातं निष्क्रिय करते. अशा खात्यावर पगार अडकतो किंवा परत जातो. गावच्या शाखेत आधार आणि पॅन घेऊन जा, केवायसी करून घ्या, शंभर रुपये भरा, शंभर काढा आणि पासबुकावर नोंद करून आणा. हेच काम ठाण्यात बसून करायचं तर शाखा गावाची, तुम्ही इथे, आणि आठवडा जातो.

मग पॅन आधारशी जोडलेलं आहे का ते तपासा. नसेल तर पॅन निष्क्रिय असू शकतं. आधारला आत्ताचा मोबाईल नंबर जोडलेला हवा, कारण यापुढची प्रत्येक गोष्ट ओटीपीवर चालते. आधार, पॅन, दहावीचं प्रमाणपत्र आणि पासबुक या चारही ठिकाणी नावाचं स्पेलिंग एकच आहे का, हे अक्षर न अक्षर बघा. आधारवर 'दत्तात्रय' आणि दाखल्यावर 'दत्तात्रेय' असेल तर पीएफची नोंद अडते. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून हे काम पहिल्या दिवशीच हाती घ्या.

पूर्वी कुठे नोकरी केली असेल आणि पीएफ कापला गेला असेल तर जुना यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा नंबर, शोधून ठेवा. यूएएन आयुष्यभर एकच राहतो. नव्या ठिकाणी दुसरा काढून घेतलात तर जुनी शिल्लक आणि जुनी वर्षं जोडताना त्रास होतो. यूएएनचा आणखी एक उपयोग फारसा कुणी सांगत नाही : जुनी कंपनी बंद पडली आणि अनुभवाचं पत्र मिळालं नाही, तरी पीएफच्या नोंदीत तुम्ही कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत तिथे होता हे दिसतं. त्या पानाची प्रिंट अनुभवाचा पुरावा म्हणून चालवून घेणाऱ्या कंपन्या आहेत.

मूळ कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, प्रत्येकाच्या वीस झेरॉक्स, पासपोर्ट फोटो सोळा, आणि सगळ्याचे स्कॅन फोनमध्ये. गुणपत्रिका आणि वाहन परवाना डिजिलॉकरमध्येही आणून ठेवा. सिक्युरिटी, डिलिव्हरी किंवा घरपोच सेवेचं काम बघणार असाल तर पोलीस व्हेरिफिकेशनचा अर्ज निघण्याआधीच करा.

याच पंधरा दिवसांत हात पुन्हा चालू करा. फिटर-टर्नर असाल तर व्हर्नियर आणि मायक्रोमीटरचं रीडिंग रोज घ्या. मुलाखतीत सर्टिफिकेटच्या आधी तेच हातात देतात, आणि चार वर्षांच्या खंडानंतर ०.०२ चा लघुतमांक आठवेनासा होतो. वेल्डर असाल तर ओळखीच्या वर्कशॉपमध्ये रोज तासभर रॉड चालवा, कारण ओळीने चार मणी सारखे पडले नाहीत तर पुढची बोलणी होत नाहीत. अकाउंटचं काम करणाऱ्यांनी टॅलीत जीएसटीची खरेदी-विक्री बिलं हाताने टाकून बघावीत, निदान शंभर.

कुठल्या कामाला कुठला भाग

'मुंबईला जातो' असं म्हणून निघू नका. ठाणे ते पनवेल या पट्ट्यात कामाचे आठ-दहा वेगळे भाग आहेत. चुकीच्या टोकाला खोली घेतली की रोजचे तीन तास प्रवासात जातात.

ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणारी ट्रान्सहार्बर लोकल हा या भागाचा कणा आहे : दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे. रूळ आणि ठाणे-बेलापूर रस्ता समांतर धावतात. पूर्वेला, डोंगराच्या बाजूला, एमआयडीसीचा ट्रान्स ठाणे क्रीक पट्टा आहे आणि पश्चिमेला, खाडीच्या बाजूला, राहती सेक्टर आणि जुनी गावठाणं. स्टेशनच्या एका बाजूला राहायचं आणि दुसऱ्या बाजूला कामाला जायचं, अशी सोय या पट्ट्यात जमते. रबाळे, महापे, पवणे इथे इंजिनिअरिंग, केमिकल, औषधं, छपाई, पॅकिंग यांचे कारखाने आहेत. ऐरोली, घणसोली आणि महापे इथे आयटी पार्क असल्याने बीपीओ, बॅक ऑफिस, हाउसकीपिंग, कॅन्टीन आणि ड्रायव्हरची कामं निघतात. पदवी आहे पण इंग्रजी अडखळतं, अशांनी 'मराठी प्रोसेस' आहे का हे मुद्दाम विचारावं. बँका, विमा आणि फोन कंपन्यांच्या ग्राहकसेवेला मराठी बोलणारी माणसं लागतात.

वागळे इस्टेट ही ठाण्यातली जुनी औद्योगिक वसाहत. तिथे छोटी वर्कशॉप आणि ऑफिसं एकाच गल्लीत सापडतात. घोडबंदर रोडवर मॉल, रुग्णालयं आणि मोठ्या सोसायट्या असल्यामुळे सेल्स, नर्सिंग, लिफ्ट-इलेक्ट्रिशियन, प्लंबिंग अशी कामं मिळतात, पण त्या रस्त्याची कोंडी हिशोबात धरा. भिवंडीकडे माणकोली, राहनाळ, पूर्णा, वडपे, पडघा या पट्ट्यात गोदामं आहेत. पॅकर, पिकर, स्कॅनिंग, फोर्कलिफ्ट अशी कामं तिथे असतात आणि दिवाळीच्या आधीच्या दोन-अडीच महिन्यांत भरती जोरात असते. लोकलची सोय मात्र तुटपुंजी आहे. ठाणे-कल्याणहून बस किंवा शेअर रिक्षा, नाहीतर ठेकेदाराची गाडी. रात्रपाळीला गाडी आहे का, हे आधी विचारा.

तळोजा एमआयडीसीला बेलापूर ते पेंधर मेट्रोने थोडं जवळ आणलं आहे. ती १७ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली. न्हावा शेवा बंदर आणि त्याभोवतीचे कंटेनर यार्ड उरण तालुक्यात आहेत. बंदराच्या कामाची ऑफिसं, म्हणजे क्लिअरिंग एजंट, डॉक्युमेंटेशन, वाहतूकदार, ही मात्र वाशी, नेरूळ, बेलापूर भागातही पसरलेली आहेत. वाणिज्य शाखेच्या मुलांनी हे क्षेत्र जरूर बघावं. पहिला पगार कमी असतो, पण शिपिंग बिल आणि बिल ऑफ एंट्री, म्हणजे निर्यातीचे आणि आयातीचे कस्टमचे कागद, हाताळता आले की वर्षा-दोन वर्षांत माणसाला किंमत येते.

वाशीच्या एपीएमसीबद्दल, म्हणजे कृषी उत्पन्न बाजार समितीबद्दल, गैरसमज फार. कांदा-बटाटा, भाजी, फळं, मसाला आणि धान्य असे तिथले पाच बाजार. हमालीचं काम माथाडी मंडळाकडे नोंद असलेल्या टोळ्यांकडे असतं. कुणीही जाऊन पाठीवर पोतं घेतलं असं तिथे होत नाही. व्यापाऱ्यांच्या गाळ्यावर मात्र हिशोबनीस, वजन-बिल लिहिणारा, वसुली करणारा, टेम्पोचालक अशी माणसं लागतात, आणि ती ओळखीतून घेतली जातात. भाजी बाजार पहाटेच्या आधीच जागा होतो. तिथे काम विचारायला दुपारी बाराला गेलात तर गाळा धुऊन झालेला असतो.

कधी निघायचं

आमचं स्पष्ट मत : जून-जुलैत येऊ नका. पाऊस, बंद पडणारी लोकल, गळकी खोली आणि ताप, यात पंचाहत्तरातले दहा दिवस फुकट जातात. दिवाळीनंतरचा आठवडा चांगला. गावी गेलेली माणसं वेळेवर परतत नाहीत आणि सुपरवायझर हातघाईला आलेला असतो. मे महिन्यातही तसंच.

शक्यतो सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी उतरा. रविवारी लोकलवर मेगाब्लॉक असतो, ट्रान्सहार्बर किंवा हार्बर दुपारपर्यंत बंद असू शकते, आणि सामान घेऊन ठाणे स्टेशनच्या पुलावर अडकणं हे नवख्यासाठी फार जड जातं. विदर्भ, मराठवाडा, खानदेशातून येणाऱ्यांनी कल्याण-ठाण्याला थांबणारी गाडी बघावी. कोकणातून येणाऱ्यांना पनवेल जवळ पडतं.

डोकं टेकायची जागा

पहिले आठ-दहा दिवस नातेवाइकांकडे जाणार असाल तर जाण्याआधीच दिवस सांगा : 'मावशी, मी दहा तारखेपर्यंत आहे, तोवर खोली बघतो.' आणि तो शब्द पाळा. दोन खोल्यांच्या घरात एक माणूस वाढला की पहाटेच्या पाण्यापासून मुलांच्या अभ्यासापर्यंत सगळं हलतं. कुणी तोंडावर बोलत नाही, म्हणून आपणच ओळखावं. आठवड्याचा भाजीपाला आणि एक गॅस सिलिंडर आपण होऊन भरावं.

नातेवाईक नसतील तर आपल्या तालुक्याची माणसं कुठे आहेत ते शोधा. कोपरखैरणे-घणसोलीत साताऱ्याकडच्या माथाडी कुटुंबांची जुनी वस्ती आहे. बऱ्याच गावांची मंडळं आहेत आणि काही गावांच्या सामाईक खोल्याही आहेत. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'काम बघा' असं टाकण्यापेक्षा 'पंधरा दिवसांसाठी कॉट मिळेल का, भाडं देतो' असं टाका. उत्तर लवकर येतं.

कॉट बेसिस म्हणजे खोलीतली एक जागा, भाडं माणशी. डिपॉझिट कमी, दलाली बहुतेक नाही, आणि महिन्याने सोडता येतं. काम कुठे मिळणार हे ठरलेलं नसताना अकरा महिन्यांची खोली घेणं ही नवख्यांची सर्वांत महागडी चूक आहे. ऐरोलीत खोली घेतली आणि काम तळोज्यात लागलं, तर डिपॉझिट मालकाकडे आणि तुम्ही रोज लोकलमध्ये. आधी कॉट, मग काम, मग खोली.

खोली बघायला दोनदा जा, एकदा संध्याकाळी आणि एकदा सकाळी सहा-सातला, कारण पाणी येतं की नाही हे सकाळीच कळतं. आत शिरल्यावर कपाटामागची आणि खिडकीखालची भिंत हाताने चाचपा. नव्या रंगाखाली ओल असेल तर बोटाला थंड, किंचित भुसभुशीत लागते आणि नखाने रंगाचा पापुद्रा उठतो. अशा खोलीत ऑगस्टमध्ये गादीला बुरशी धरते. नळ सोडा, संडासाची कडी लावून बघा. मग वीज. गावठाणातल्या बऱ्याच इमारतींत खोलीला सबमीटर असतो आणि मालक ठरवेल त्या दराने युनिटचे पैसे घेतो. तो दर आधी विचारा आणि राहायला जाताना मीटरच्या आकड्याचा फोटो काढा, तारखेसकट. सोडतानाच्या भांडणांत निम्मी भांडणं या एका फोटोने मिटतात.

लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे खोलीचा भाडेकरार, महाराष्ट्रात नोंदणीकृत करावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. 'नोटरी करून देतो' म्हणजे नोंदणी नव्हे. खर्चही फार नाही. ७,००० भाडं आणि २५,००० डिपॉझिट असलेल्या अकरा महिन्यांच्या कराराला मुद्रांक शुल्क साधारण २०० रुपये पडतं : एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर वार्षिक १० टक्के धरलेलं व्याज, त्याच्या ०.२५ टक्के. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. ऑनलाइन करून देणारा एजंट स्वतःची फी वेगळी घेतो. तिघे राहत असाल तर तिघांचीही नावं करारात घाला. ज्याचं नाव नाही त्याच्या हाती पत्त्याचा पुरावा राहत नाही. डिपॉझिट रोख देऊ नका, खात्यावरून द्या. आणि भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला दिली आहे ना, हे मालकाला विचारून घ्या.

रेशन कार्ड असेल तर ठाण्या-नवी मुंबईतल्या रेशन दुकानातही आधारच्या अंगठ्यावर तुमच्या वाट्याचं धान्य उचलता येतं आणि उरलेलं घरचे गावी घेऊ शकतात. कार्ड बदलावं लागत नाही. फार थोडे लोक याचा फायदा घेतात.

पहिले तीन आठवडे

सकाळी साडेसहाला उठून आठ वाजता बाहेर पडायचं, काम असो वा नसो. हे शिस्तीसाठी म्हणून सांगत नाही. वर्षानुवर्षं घरी बसल्यावर शरीराला दहा वाजता उठायची सवय लागते, आणि नोकरी लागल्यावर पहिल्याच आठवड्यात सात वाजताची पाळी अंगावर येते. पहिल्या पंधरा दिवसांत काम सोडणाऱ्यांत असे पुष्कळ असतात.

अर्जावर आणि बायोडेटावर सर्वांत वर लिहा : 'सध्या राहणार घणसोली, त्वरित हजर होऊ शकतो.' बाहेरगावच्या उमेदवाराबद्दल कंपनीला एकच भीती असते, हा टिकेल का. गावचा पत्ता वर दिसला की अर्ज बाजूला पडतो. नोकरीच्या ॲपवर ठिकाण बदला आणि प्रोफाइल दर तीन-चार दिवसांनी ताजं करा. राज्य सरकारच्या महास्वयं पोर्टलवर नोंदणी करा. जिल्ह्याच्या कौशल्य विकास व रोजगार केंद्राचे मेळावे तिथे कळतात.

पण एमआयडीसीतली बरीच भरती आजही गेटवर होते. एक दिवस एक पट्टा धरा : आज रबाळे, उद्या महापे, परवा पवणे. नऊ ते साडेअकरा ही वेळ बरी. गेटवरच्या सिक्युरिटीला नमस्कार करून विचारा, 'भरतीचं कोण बघतं, आणि ठेकेदार कोण आहे?' दुसरा प्रश्न महत्त्वाचा, कारण कारखाना अनेकदा थेट माणूस घेत नाही, ठेकेदारामार्फत घेतो. ठेकेदाराचं नाव आणि नंबर वहीत लिहा. दिवसाला आठ-दहा गेट होतात. तारीख, कंपनी, कुणाशी बोललात, काय म्हणाले आणि पुन्हा कधी विचारायचं, एवढं लिहून ठेवा आणि पाचव्या दिवशी पुन्हा फोन करा. नोकरी लागते ती बहुतेकदा या दुसऱ्या किंवा तिसऱ्या फोनवर.

कामासाठी पैसे मागणारा माणूस फसवणारा आहे, मग तो रजिस्ट्रेशन म्हणो, युनिफॉर्म म्हणो की लॅपटॉपचं डिपॉझिट. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं. एवढ्या मोठ्या प्रकल्पाचं नाव घेऊन नोकरीचं पत्र दाखवणाऱ्यांपासून जास्तच सावध राहा. मूळ प्रमाणपत्रं दाखवायची, ठेवून घ्यायला द्यायची नाहीत. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. जितका उशीर, तितकी रक्कम थांबवणं अवघड.

चाळिसाव्या दिवसापर्यंत आपल्या क्षेत्रातलं काम मिळालं नाही तर गोदाम, दुकान, सिक्युरिटी, जे मिळेल ते धरा आणि सुट्टीच्या दिवशी शोध चालू ठेवा. यात कमीपणा काही नाही. 'सध्या काम करतो' असं सांगणाऱ्याकडे मुलाखत घेणारा वेगळ्या नजरेने बघतो, आणि तुमचे दिवस वाढतात.

'इतके दिवस काय करत होतात?'

हा प्रश्न येणारच. त्याला दोन वाक्यांचं खरं उत्तर तयार ठेवा आणि तिसरं वाक्य कामाकडे वळवा. उदाहरणार्थ : 'वडिलांच्या आजारपणामुळे दोन वर्षं घरी होतो, शेती आणि दुकान बघितलं. आता भाऊ तिकडे आहे, त्यामुळे मी मोकळा आहे. मशीन तीच असेल तर आज टेस्ट द्यायला तयार आहे.' लांबलचक कैफियत सांगू नका, जुन्या मालकाला नावं ठेवू नका, आणि खोटा अनुभव लिहू नका. पीएफच्या नोंदीवरून तो एका मिनिटात उघडा पडतो. नोकरी गेल्याचं किंवा परीक्षेची तयारी फसल्याचं कारण असेल तर तेही सरळ सांगा. स्पर्धा परीक्षेत गेलेली चार वर्षं महाराष्ट्रातल्या कुठल्याही एचआरला नवी नाहीत. शेती, रिक्षा, शिकवणी, किराणा दुकान यांतलं काहीही केलं असेल तर ते बायोडेटात तारखांसकट लिहा. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत काम केलं असेल तर त्याचं प्रमाणपत्र अनुभव म्हणून लावा.

पगार ऐकताना

ठेकेदार 'अठरा हजार' म्हणाला की आनंद होतो. आधी तास विचारा. बारा तासांची ड्युटी, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ३१२ तास. तासाला ५८ रुपयांच्या आत. दुसरा १५,००० सांगतो, पण आठ तास, म्हणजे २०८ तास. तासाला ७२ रुपये. दुसरं काम चांगलं आहे, आणि उरलेल्या चार तासांत तुम्ही झोपू किंवा शिकू शकता. जादा तासांना दुप्पट दर हा कायद्याने हक्क आहे. तो बारा तासांच्या पगारात गिळला गेला नाही ना, हे बघा.

मग हातात किती ते विचारा. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० असेल तर पीएफ १२ टक्के म्हणजे १,८००, ईएसआय (कामगार विमा) ०.७५ टक्के म्हणजे ११३, व्यवसाय कर २००. हातात १२,८८७. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० कापतात. महिलांना २५,००० पर्यंत तो लागतच नाही. 'सीटीसी' म्हणून आकडा सांगितला तर त्यात मालकाचा पीएफ आणि ईएसआयचा वाटाही धरलेला असतो, म्हणजे हातात आणखी कमी. 'पीएफ नको, सगळे हातात देतो' असं कुणी म्हणालं तर गोड वाटेल, पण मग तुमच्या कामाची नोंद कुठेच राहत नाही आणि पुढच्या मुलाखतीत आजची वर्षंही रिकामीच दिसतात. खंड पडलेल्या माणसाला पीएफची ती एक ओळ फार मोलाची आहे.

एवढं विचारून झालं की लेखी नेमणूकपत्र मागा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांप्रमाणे ते द्यावंच लागतं. पगार महिना संपल्यावर सात दिवसांत आणि काम सोडल्यावर उरलेला हिशोब दोन कामकाजाच्या दिवसांत, हेही त्यातच आहे. ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ कंपनीवर जबाबदारी येते, म्हणून गेटपास, हजेरी कार्ड आणि पगाराच्या चिठ्ठ्यांचे फोटो सांभाळा.

हजर झाल्यावर

पहिल्या पगारातून आधी उधारी, मग पुढच्या महिन्याचं भाडं, मग पास. लोकलचा मासिक पास सुट्या तिकिटांपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. घरी पैसे पाठवायची घाई सगळ्यांना असते आणि ती समजण्यासारखी आहे. तरी पहिल्या दोन महिन्यांत महिन्याभराच्या खर्चाएवढी रक्कम खात्यात राहू द्या आणि घरच्यांना तसं आधीच सांगून ठेवा. बायको-मुलांना आणण्याचा विचार सहा महिन्यांनंतर करा, आणि तोही शाळेचं वर्ष संपताना.

मालकाने पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. २० तारखेनंतर पासबुक उघडून नोंद आली का बघा. नसेल तर ठेकेदाराला लगेच विचारा, सहा महिन्यांनी विचारून उपयोग होत नाही. ईएसआयचा नंबर हजर झाल्यापासून दहा-बारा दिवसांत मागून घ्या. वैद्यकीय उपचार नोंदणीपासूनच मिळतात, आजारपणाच्या रजेच्या पैशांना मात्र किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते. नोंदणीच्या अर्जात कुटुंब गावी राहतं असं लिहिलंत, तर त्यांच्यासाठी तिकडचा दवाखाना वेगळा निवडता येतो. हा रकाना ठेकेदाराचा माणूस घाईत तसाच सोडून देतो, तेव्हा अर्ज भरताना शेजारी उभं राहून तो भरून घ्या.